मानेची गाठ आणि रक्तातला आकडा

गावाकडचा माणूस मोठ्या दुखण्यासाठी मुंबईला आला, की परळच्या इस्पितळांकडे जाण्याआधी बहुधा घाटकोपर-मुलुंडच्या नातेवाइकांकडे उतरतो. माझ्या घाटकोपरच्या दवाखान्यात असेच एक गृहस्थ भाच्याबरोबर आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मानेला सुपारीएवढी गाठ, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरलेले. भाच्याने रिपोर्टच पुढे केला. "डॉक्टर, मामांचं एल.डी.एच. दुप्पट आहे. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनपण वाढलंय. म्हणजे कॅन्सरच ना?"

"नुसत्या रक्तावरून तसं सांगता येत नाही," मी म्हटले.

ही दोन्ही प्रथिनेच. एल.डी.एच. पेशींच्या आत असते. पेशी झपाट्याने मरू लागल्या की ते रक्तात उतरते. पण रक्त काढताना नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या, तरीही आकडा वाढतो! दुसरे प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरचे. ते लिंफोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये वाढते; तसेच मूत्रपिंडे अधू झाल्यास, क्षयात आणि एच.आय.व्ही.च्या संसर्गातही.

खरे निदान गाठीचा तुकडा तपासूनच होते. मानेची गाठ म्हणजे टी.बी., असे धरून चालण्याची आपल्याकडे सवय आहे आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. पण काही वर्षांपूर्वी मीच एकाला बायॉप्सीविना टी.बी.ची औषधे सुरू केली होती. लिंफोमा असल्याचे कळेपर्यंत तीन महिने गेले. ते मी विसरलेलो नाही. ताप उतरावा म्हणून परस्पर स्टिरॉइड घेणे तर त्याहून वाईट. गाठ तात्पुरती विरते आणि बायॉप्सीही फसू शकते.

या गृहस्थांच्या बायॉप्सीत लिंफोमा निघाला. त्यांच्या संमतीने केलेली एच.आय.व्ही. तपासणीही पॉझिटिव्ह आली. भाच्याला बाहेर बसवून मी ते त्यांना एकट्यालाच सांगितले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "भाच्याला कळू देऊ नका. बायकोला मीच सांगेन."

एच.आय.व्ही.ने प्रतिकारशक्ती खचली, की अंगात दबून राहिलेला एप्स्टाइन-बार विषाणू डोके वर काढतो. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्याच्या गाठींतून तो १९६४ मध्ये प्रथम सापडला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. एच.आय.व्ही.बाधितांमध्ये मात्र लिंफोमाचा धोका बराच वाढतो, आणि त्यातल्या अनेक गाठींत हा विषाणू आढळतो.

चौथ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले. त्यांची तपासणी निगेटिव्ह आली. काही काळाने ती पुन्हा करायची आहे. एच.आय.व्ही.ची औषधे सरकारी केंद्रांवर २००४ पासून मोफत मिळतात. ती आणि केमोथेरपी दोन्ही बरोबरीने सुरू झाली.

एल.डी.एच.चा आकडा खरा उपयोगी पडतो तो इथून पुढे. निदान झाल्यावर रोगाचा जोर किती, हे ठरवताना तो धरतात, आणि उपचार चालू असताना तो उतरतो का, तेही पाहतात. तिसऱ्या केमोनंतर भाचा नवा रिपोर्ट नाचवतच आला. "डॉक्टर, नॉर्मल!"

मामा मागून सावकाश जिना चढत होते. "स्कॅन पुढच्या गुरुवारी आहे," ते म्हणाले.