सिरॅमिक पात्याचे सोलाणे : चिकूच्या कामी उपयोग व मर्यादा

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर, गुजरातच्या सीमेलगत वसलेले आहे. त्याच्या पश्चिमेस घोलवड, बोर्डी व डहाणू हा चिकूच्या बागांचा पट्टा असून तेथील चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या भागात चिकूच्या वाळविलेल्या फोडी व भुकटी तयार करण्याचा उद्योग घरगुती प्रमाणावर आणि महिलांच्या बचत गटांमार्फत केला जातो. या उद्योगात सर्वांत कंटाळवाणे व सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे साल काढणे. वाळवणीसाठी सौर यंत्र घ्यावे की नाही, यावर गटाच्या बैठकीत तास-तास चर्चा होते. परंतु साल कशाने काढावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जिच्या हाती विळी तिने विळीने, जिच्या हाती सुरी तिने सुरीने, असा प्रकार चालतो. अलीकडे बाजारात पांढऱ्या सिरॅमिक पात्याची सोलाणी मिळू लागली आहेत आणि ती घ्यावीत काय, अशी पृच्छा होते. तिचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम नुकसानीचा हिशेब पाहू. पाच सेंटिमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल असा एक चिकू घ्यावा. त्याची साल एक मिलिमीटर जाडीची काढली, तर फळाचा शेकडा सुमारे ११·५ भाग सालीबरोबर जातो. साल दोन मिलिमीटर जाड निघाली, तर शेकडा २२ भाग जातो. म्हणजे शंभर किलो फळांमागे साडेदहा किलोंहून अधिक गर केवळ पाते जाड चालल्यामुळे उकिरड्यावर जातो. गोल वस्तूचा बाहेरचा पापुद्रा दिसावयास पातळ, पण वजनाला भारी असतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. फळ लहान असेल तर ही तूट आणखी वाढते. हातात सुरी धरून दिवसभर एकसारखी पातळ साल काढणे अतिशय कुशल स्त्रीसही कठीण जाते. सोलाण्यात पाते व त्यापुढील पट्टी यांमधील अंतर ठरलेले असल्यामुळे साल ठरावीक जाडीचीच निघते. यास्तव सोलाण्याचा खरा लाभ पाते कशाचे आहे यात नसून, ते सोलाणे आहे यातच आहे. सिरॅमिकचा प्रश्न त्यानंतरचा होय.

सिरॅमिक म्हटले की बरण्या व कपबश्यांची चिनीमाती डोळ्यांपुढे येते. हे पाते त्या मातीचे नसते. ते झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचे असते. हा धातू ज्या खनिजात असतो ते झिरकॉन आपल्या देशात केरळातील चवरा, तामिळनाडूतील मनवलकुरिची इत्यादी ठिकाणच्या समुद्रकाठच्या वाळूतून काढले जाते. शुद्ध झिर्कोनियम ऑक्साइड भट्टीतून काढून थंड होऊ दिले, की त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, ते फुगतात आणि वस्तू आपोआप तडकते. त्यात यट्रियम नावाच्या दुसऱ्या धातूचे थोडे ऑक्साइड मिसळल्यास मूळची रचना टिकून राहते. पुढे पात्यास सूक्ष्म तडा जाऊ लागला, तर तड्याच्या टोकाशी असलेले कण तेवढ्यापुरते फुगतात आणि तडा आवळून धरतात. ऑस्ट्रेलियातील तीन शास्त्रज्ञांनी १९७५ साली हा गुणधर्म जगापुढे मांडला. पुढे १९८४ साली जपानच्या क्योसेरा कंपनीने अशा पात्यांच्या सुऱ्या बाजारात आणल्या. सारांश, हे पाते कपबशीपेक्षा पुष्कळच चिवट असते. पण पोलादाइतके चिवट मुळीच नसते. पोलाद वाकते, हे वाकत नाही, तुटते.

आता गुणांकडे वळू. हे पाते पोलादाहून कठीण असल्यामुळे भाजी-फळांच्या घर्षणाने त्याची धार फारच सावकाश जाते. किनारपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत साधे लोखंडी पाते एका रात्रीत तांबूस होते. या पात्यास गंज चढत नाही. ते वजनाला हलके असल्याने चार-चार तास बसून काम करणाऱ्या स्त्रियांच्या मनगटास थोडा आराम मिळतो. कैरीची आंबटाई त्यास बाधत नाही, वा कैरीस धातूची चव लागत नाही.

तथापि एक दावा पारखून घेतला पाहिजे. सिरॅमिक पात्याने सोललेले फळ काळे पडत नाही, असे विक्रेते सांगतात. चिकू काळा पडण्याची कारणे दोन आहेत. चिकूत, विशेषतः अर्धकच्च्या फळात, टॅनिन हे तुरट द्रव्य असते. त्याचा लोखंडाशी संयोग झाला की निळसर काळा रंग उत्पन्न होतो. हिरड्याचा काढा व लोखंड यांपासून पूर्वी शाई करीत, तिचे तत्त्व हेच. विळीवर कापलेल्या फोडींच्या कडा काळ्या दिसतात त्या यामुळे, आणि हा काळेपणा सिरॅमिक पात्याने खचित टळतो. परंतु तो क्रोमियमयुक्त न गंजणाऱ्या पोलादाच्या पात्यानेही जवळजवळ तितकाच टळतो. दुसरे कारण असे की, फळ कापल्यावर त्याच्या पेशी फुटतात, त्यांतील विकरांचा हवेशी संबंध येतो आणि गर तपकिरी होऊ लागतो. ही क्रिया पाते कोणतेही असले तरी चालूच राहते. धारदार पात्याने पेशी कमी चेंगरतात, एवढाच काय तो फरक. फोडींचा रंग राखावयाचा असेल, तर सोलणे व वाळत घालणे यांमधील वेळ कमी करणे हाच उपाय. दोन टोपल्या सोलून होईपर्यंत पहिल्या फोडी परातीत पडून राहिल्या, तर महागडे सोलाणे घेऊनही माल तपकिरीच होणार.

दोषांपैकी सर्वांत गंभीर दोष धारेचे टवके उडणे हा होय. सोलाणे शहाबादी फरशीवर वा पाट्यावर पडले, पात्याने बी खरवडली, किंवा पात्यात अडकलेली साल दुसऱ्या सुरीच्या टोकाने उपटली, की धारेचा बारीक कण निघून जाऊ शकतो. घरच्या भाजीत असा कण गेला तर तो वाईटच. परंतु विक्रीच्या मालात गेला तर प्रकरण निराळे होते. फोडी वाळतात, दळल्या जातात आणि तो कठीण कण दळून भुकटीत मिसळतो. पोलादी पात्याचा तुकडा बहुधा चुंबकास चिकटतो व कारखान्यातील धातुशोधक यंत्रासही सापडतो. सिरॅमिकचा कण दोन्हींतून निसटतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये मालात अशी बाह्य वस्तू आढळल्यास जबाबदारी उत्पादकावर, म्हणजे गटावर येते. बाजारात पांढरी व काळी अशी दोन्ही प्रकारची पाती मिळतात. चिकूसाठी घ्यावयाचेच झाल्यास पांढरे घ्यावे. काळ्या पात्याचा कण चिकूच्या बीच्या तुकड्यासारखा दिसतो आणि नजरेतून सुटतो. मुळा किंवा नारळाच्या कामात नेमके उलट समजावे.

धार गेल्यावर ती गावच्या धारवाल्याकडून लावून मिळत नाही, हाही दोष सांगितला जातो. त्याच्या साध्या चाकावर हे पाते धरल्यास धार येण्याऐवजी टवकेच उडण्याचा संभव असतो. त्यासाठी हिऱ्याचे कण बसविलेले चाक लागते. सुरीच्या बाबतीत हा आक्षेप मोठा आहे, सोलाण्याच्या बाबतीत तितकासा नाही. कारण स्वस्त पोलादी सोलाण्यासही कोणी धार लावीत बसत नाही, ते बोथट झाले की नवे आणतात. मात्र एका सिरॅमिक सोलाण्याच्या किमतीत साधी पोलादी सोलाणी अनेक येतात, हे विसरून चालणार नाही.

सुरण, कोनफळ यांसारख्या मातीने माखलेल्या, जाड सालीच्या कंदांवर हे सोलाणे चालवू नये. तेथे विळी किंवा कोयताच योग्य. दुधी, काकडी, गाजर, बटाटा व कैरी यांवर ते उत्तम चालते. चिकूचे म्हणाल तर फळ पिकलेले पण घट्ट असले पाहिजे. फार मऊ फळावर कोणतेही सोलाणे घसरते व गर चेंगरतो. कच्च्या फळाचा चीक पात्याच्या फटीत साचतो. चीक खरवडू नये. खाद्यतेलाचा बोळा फिरवून मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. बहुतेक सोलाण्यांची मूठ प्लॅस्टिकची असल्याने ती उकळत्या पाण्यात टाकू नयेत. काम संपल्यावर भांड्यांच्या ढिगात न टाकता खिळ्याला टांगून ठेवावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर नुसते व्याख्यान देण्याऐवजी एक सोपे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एकाच झाडाच्या, सारख्या पिकलेल्या चिकूंचे पाच-पाच किलोंचे तीन वाटे करावेत. एक विळीने किंवा सुरीने, दुसरा पोलादी सोलाण्याने व तिसरा सिरॅमिक सोलाण्याने सोलावा. सोलणारी स्त्री तिन्ही वेळा एकच असावी, नाहीतर हाताचा फरक हत्याराच्या खात्यावर जमा होईल. प्रत्येक वाट्यास लागलेला वेळ व निघालेल्या सालीचे वजन लिहून ठेवावे. फोडी एकाच वेळी वाळत घालून दुसऱ्या दिवशी त्यांचा रंग शेजारी-शेजारी ठेवून पाहावा. पहिल्या व दुसऱ्या वाट्यांत मोठा फरक आणि दुसऱ्या व तिसऱ्यांत अल्प फरक दिसेल, असा अंदाज वरील विवेचनावरून बांधता येतो. तसे घडल्यास गटाने प्रथम प्रत्येकीस एक चांगले न गंजणाऱ्या पोलादाचे सोलाणे द्यावे हे किफायतशीर. सिरॅमिकचे एखादे घेतलेच, तर ते एकीच्याच जबाबदारीवर असावे आणि काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर तिने पात्याची धार उजेडात धरून पाहावी. धारेत खाच दिसली, तर त्या पाळीत सोललेला सर्व माल बाजूस काढावा. तो दळण्यास पाठवू नये.