धबधबा चढणारा मासा

माशाने पोहावे, फार तर उडी मारावी. पण कडा चढावा? हवाई बेटांतला ‘नोपिली’ नेमके हेच करतो. आपल्या खाड्यांच्या चिखलात टणाटण उड्या मारणारी निवटी आहे ना, तिच्याच कुळातला हा वीतभर मासा.

ह्याचा जन्म डोंगरातल्या ओढ्यात, दगडाला चिकटवलेल्या अंड्यातून. दिसेल न दिसेल एवढे पिल्लू प्रवाहाबरोबर थेट समुद्राला जाते. थोड्या दिवसांत खारे पाणी गाठले नाही, तर भुकेने मरते. काही महिने समुद्रात काढून इंचभर झालेले पोर ओढ्याच्या मुखाशी परतते, आणि तिथे त्याचे तोंडच बदलते! समोरचे तोंड अवघ्या दोन दिवसांत डोक्याखाली सरकते. ह्या तोंडाने ते दगडावरचे शेवाळ खरवडून खाते आणि ह्याच तोंडाने खडकाला चिकटते. पोटाखालचे पर जुळून झालेली वाटी ही दुसरी पकड. तोंड चिकटवायचे, वाटी पुढे ओढायची. वाटी चिकटवायची, तोंड पुढे न्यायचे. वरून पाणी कोसळतच असते! त्याचा चुलतभाऊ ‘अलामोओ’ तर ४४२ फुटी अकाका धबधब्याच्याही वर सापडतो. एवढा आटापिटा कशासाठी? खाली दबा धरून बसलेल्या खादाड ‘अकूपा’ माशाला कडा चढता येत नाही, हे एक कारण.

जुने हवाईकर नव्या घराच्या मेजवानीत नोपिली वाढीत. भाग्यही असेच घराला चिकटून राहावे म्हणून.

ह्याला कडा अडवीत नाही. अडवते ते कोरडे पात्र. उसाला पाणी किती लागते, हे मराठी माणसाला सांगायला नको. १८७६ मध्ये पूर्व मावीतले ओढे उसाकडे वळवणारा पाट खोदायला सुरुवात झाली. पुढे पाट वाढत गेले आणि कित्येक ओढ्यांच्या खालच्या पात्रात नुसते गोटे उरले. खाली निघालेली पिल्ले पाटात जायची, परतलेल्या पोरांना वाटच नसायची. अळू पिकवणारे तिथले शेतकरीही तहानलेले; २००१ मध्ये त्यांनी जल-आयोगाकडे दाद मागितली. २०१६ मध्ये मावीवरचा अखेरचा साखर कारखाना बंद पडला, आणि २०१८ मध्ये आयोगाने अनेक ओढ्यांचे पाणी मोकळे करण्याचा आदेश दिला.

नोपिलीला जन्माच्याच ओढ्याचा हट्ट नसतो. समुद्रात वाढलेले पोर, जिथे गोडे पाणी येऊन मिळते तिथे शिरते. मग त्या ओढ्यात त्याचे आईबाप कधी राहिलेले असोत वा नसोत.