जुन्या वस्तूचे वर्णन: तयार वाक्ये आणि ताजी नजर

वापरलेल्या वस्तूच्या ऑनलाइन विक्रीत पैसे देण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या हाती दोनच गोष्टी असतात: छायाचित्रे आणि वस्तूच्या स्थितीचे वर्णन. पदपथावर जुने पुस्तक घेणारा माणूस ते चाळतो, बांधणी खिळखिळी झाली आहे का ते पाहतो, शेवटची पाने जागेवर आहेत ना हे तपासतो. ऑनलाइन विक्रीत हे सगळे त्याच्या वतीने विक्रेत्याला करावे लागते. ते केले नाही तर काय होते, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून मांडले. मालाचे गुणदोष फक्त विकणाऱ्यालाच माहीत असतील, तर घेणारा सावधपणे सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही आणि बाजारात खराब मालच उरत जातो. नेमके वर्णन हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दोष सांगितला की माल पडून राहतो, ही भीतीही फारशी खरी नाही. ईबे या संकेतस्थळाचे संस्थापक पिएर ओमिद्यार यांनी १९९५ साली तिथे विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो बिघडलेला आहे हे ठाऊक असूनही घेणाऱ्याने १४.८३ डॉलर मोजले.

स्थितीच्या प्रतवारीची जुनी आणि मुरलेली परंपरा जुन्या पुस्तकांच्या व्यापारात सापडते. ‘ए. बी. बुकमन्स वीकली’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या अमेरिकन साप्ताहिकाने १९४९ साली सहा प्रती सुचवल्या: अ‍ॅज न्यू, फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. यातली ‘गुड’ ही चौथी पायरी, म्हणजे सर्व पाने असलेले पण बऱ्यापैकी वापरलेले पुस्तक. नवख्या गिऱ्हाइकाला मात्र ‘गुड’ वाचून जवळजवळ कोरे पुस्तक डोळ्यांपुढे येते आणि तक्रार तिथूनच सुरू होते. म्हणून प्रत कोणतीही वापरली, तरी तिचा अर्थ शेजारीच लिहिलेला हवा.

रोज पाच-दहा पुस्तके नोंदवणाऱ्या विक्रेत्याला प्रत्येक वर्णन पहिल्या अक्षरापासून लिहिणे जमत नाही. तयार वाक्यांचा संग्रह त्यासाठीच असतो. पण बहुतेक संग्रह एका ठिकाणी फसतात. ‘पुस्तक सुस्थितीत आहे, किरकोळ खुणा असू शकतात,’ हे वाक्य शेकडो पुस्तकांना लावता येते आणि एकाही पुस्तकाबद्दल काही सांगत नाही. ‘असू शकतात’ या शब्दांतून एवढेच कळते, की विक्रेत्याने पुस्तक उघडून पाहिलेले नाही. व्याख्या पुन्हा पुन्हा वापरावी, निरीक्षण मात्र दर वेळी नवे असावे, हे इथले खरे सूत्र.

त्यानुसार वर्णनाचे दोन भाग पडतात. पहिला कायमचा: ‘मध्यम प्रत. सर्व पाने आहेत, बांधणी पक्की आहे, मजकूर कुठेही झाकलेला नाही. वापराच्या खुणा खाली दिल्या आहेत.’ दुसरा त्या एकाच पुस्तकाचा: ‘मुखपृष्ठाचा खालचा उजवा कोपरा दुमडलेला. कण्याच्या वरच्या टोकाला १ सेंमी फाटले आहे. पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत नाव. पृष्ठ १२ ते ४० वर पेन्सिलीच्या रेघा.’ दुसऱ्या भागाचेही साचे करता येतात. फक्त त्यांत रिकाम्या जागा हव्यात. ‘पृष्ठ … ते … वर … च्या रेघा’ असा साचा ठेवला, की पुस्तक उघडल्याशिवाय तो भरताच येत नाही. दोष कोणता, कुठे, केवढा आणि त्यामुळे वाचनात अडथळा येतो का, एवढे प्रत्येक वाक्यात आले पाहिजे. तपासणीचा क्रमही ठरलेला असावा: मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ, कोरी पाने, आतली पाने, बांधणी, शेवटी सोबतचे नकाशे किंवा वेष्टन. क्रम रोज तोच राहिला तर काही निसटत नाही.

मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक विकणाऱ्याच्या संग्रहात आणखी काही वाक्ये लागतात. ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक, कसरीने पाडलेली भोके, गंजलेल्या पिना आणि त्यांच्याभोवतीचे तांबूस डाग. जुन्या अंकांचा स्वस्त कागद पिवळा पडतो, कारण लाकडाच्या लगद्यातले लिग्निन हवा आणि उजेडाने बदलत जाते. हा वयाचा परिणाम आहे, निष्काळजीपणाचा नव्हे, आणि तसे सांगायला हरकत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ओल लागलेल्या पुस्तकाचे मात्र तसे नाही. त्यावर धरलेली जिवंत बुरशी शेजारच्या पुस्तकांवर पसरते, म्हणून असे पुस्तक वेगळे ठेवून ते तसे असल्याचे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. कुबट किंवा धुराचा वास छायाचित्रात येत नाही. तो शब्दांतच सांगावा लागतो.

हीच रीत इतर वस्तूंना लागू पडते, फक्त मोजमाप बदलते. जुन्या आयफोनसाठी ‘बॅटरी चांगली’ लिहिण्यात अर्थ नाही, कारण फोन स्वतःच बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दाखवतो. ‘कमाल क्षमता ८६ टक्के’ आणि पाहिल्याची तारीख, एवढे पुरते. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनमध्ये ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता टिकावी अशी रचना असल्याचे अ‍ॅपल सांगते. त्यावरून गिऱ्हाईक आपला हिशेब करू शकते. भांडे किंवा मिक्सर असेल तर पोचा, टवका, ओरखडा हे वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांना एकाच ‘किरकोळ खुणा’ या नावाखाली घालू नये. विजेवरची वस्तू ‘चालू आहे’ म्हणताना ती किती वेळ चालवून पाहिली, हेही लिहावे.

संग्रह एकदाच करून संपत नाही. परत आलेल्या प्रत्येक वस्तूसोबत आपले कोणते वाक्य अपुरे पडले हे कळते आणि ते तिथल्या तिथे बदलावे. साच्यातली एखादी जागा भरता येत नसेल, तर अंदाजाने भरू नये. ‘हे तपासलेले नाही’ असे सरळ लिहून किंमत त्या मानाने कमी ठेवावी.