लहान संगणक आणि मंद पंखा

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात ‘कूलर’ हा शब्द उच्चारला की खिडकीत बसविलेली, गवताच्या ओल्या जाळ्यांतून वारा ओढणारी पत्र्याची पेटी डोळ्यांपुढे उभी राहते. येथे ज्या कूलरचा विचार करावयाचा आहे तो तळहाताएवढा असतो आणि संगणकाच्या पोटात, प्रोसेसरवर, बसतो. धातूच्या पातळ पत्र्यांचा एक जुडगा आणि त्यावर एक चपटा पंखा, एवढेच त्याचे स्वरूप. परंतु लहान पेटीचा संगणक घेणाऱ्याची सारी पंचाईत पुष्कळदा याच वस्तूपाशी होते.

इतवाऱ्यासारख्या जुन्या, दाट वस्तीच्या पेठेत लहान संगणक घेण्याचे कारण हौस हे नसते. जागा नसते, हे असते. ज्या खोलीत दिवसा दुकानाचा हिशेब होतो, तिथेच रात्री मुलगा अभ्यासाला बसतो आणि तिथेच आजोबांचे अंथरूण पडते. यंत्रमागांच्या या गावात दिवसाच्या खडखडाटात संगणकाचा पंखा कोणाला ऐकू येणार? माग थांबले, गल्ली निजली, की मग त्याची बारीक शिटी कानात शिरू लागते. त्यातून संगणक साठवलेल्या पैशांचा असतो. चुकीचा कूलर घेतला, तर मुलाचा अभ्यास आणि म्हाताऱ्याची झोप यांत एकाची निवड करण्याची पाळी येते.

दुकानदार सांगतो, ‘हा कूलर अगदी शांत आहे.’ तो खोटे बोलत नसतो. मात्र शांतता हा एकट्या कूलरचा गुण नव्हे. प्रोसेसर जितकी वीज खातो तितकी सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते, आणि कूलर ती उष्णता केवळ आजूबाजूच्या हवेच्या स्वाधीन करतो. हवेपेक्षा थंड तो प्रोसेसरला करू शकत नाही. समजा, एखाद्या चपट्या कूलरचा पंखा मंद गतीने फिरत असता ६५ वॅटचा प्रोसेसर सभोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी तापतो. २२ अंशांच्या खोलीत तो ६२ अंशांवर राहील, आणि पंख्याला गती वाढविण्याचे कारण पडणार नाही. तोच संगणक मे महिन्यात बऱ्हाणपुरात, ४० अंशांच्या खोलीत आणून ठेवा. आता तो ८० अंशांवर जाईल. पेटीत कोंडलेल्या हवेचे चार-पाच अंश वेगळेच. पंखा साहजिकच धावू लागेल. कूलरविषयी जे अभिप्राय आणि जे आकडे वाचावयास मिळतात, ते बहुधा गार खोल्यांतले असतात, ही गोष्ट आपल्याकडचा ग्राहक विसरतो.

आता त्याच कूलरखाली ३५ वॅटचा प्रोसेसर बसवून पाहा. तापमानातली वाढ साधारण विजेच्या प्रमाणात असते. म्हणजे ४० अंशांऐवजी ती साडेएकवीस अंशांच्या आसपास येईल. ४० अंशांच्या खोलीतसुद्धा हा प्रोसेसर ६२ अंशांच्या आतबाहेर राहील. गार देशातल्या खोलीची शांतता बऱ्हाणपुरात मिळवावयाची ती अशी, आणि ती प्रोसेसर निवडतानाच मिळवावी लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाशेवटी ‘टी’ हे अक्षर असते ते मुळातच ३५ वॅटसाठी ठरविलेले असतात. अन्य पुष्कळ प्रोसेसरांना संगणकाच्या बायॉसमध्ये जाऊन विजेची मर्यादा घालून देता येते. वेष्टनावरच्या ६५ वॅटवर मात्र भिस्त ठेवू नये. इंटेलच्या बाराव्या पिढीतला आय-५ १२४०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण जोराच्या कामात काही वेळ ११७ वॅटपर्यंत जाण्याची त्याला मुभा असते. मर्यादा घातल्याने हिशेब, पत्रे, पाठांचे व्हिडिओ असल्या कामात फरक सहसा जाणवत नाही. वीज गेली असता यूपीएस थोडा अधिक वेळ टिकतो, हा वरकड लाभ.

यानंतर उंची. हा हिशेब सरळ आहे, तरी चुका येथेच फार होतात. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरला किती उंची मिळेल तो आकडा दिलेला असतो. तो खरेदीपूर्वी पाहावा. काही चपट्या पेट्यांत ४० मिलिमीटरसुद्धा जागा नसते. अशा ठिकाणी नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएच-एल९आय हा ३७ मिलिमीटर उंचीचा कूलर बसतो. पण कंपनी स्वतःच तो कमी उष्णतेच्या प्रोसेसरांसाठी आहे असे सांगते, आणि ते ऐकावे. दहाच मिलिमीटर अधिक मिळत असतील तर थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ येतो. तो ४७ मिलिमीटरचा. एएमडीच्या काही प्रोसेसरांसोबत मिळणारा रेथ स्टेल्थ हा कूलर ५४ मिलिमीटर उंच असतो. पुष्कळ जण तो फुकट मिळाला म्हणून गृहीत धरतात आणि मग झाकण बसत नाही. ७० मिलिमीटर जागा असेल तर नॉक्टुआचाच एनएच-एल१२एस पाहावा, कारण त्याचा पंखा ९२ नव्हे, १२० मिलिमीटरचा आहे. पंखा मोठा झाला की तो मेमरीच्या पट्ट्यांवर येण्याचा संभव असतो. तेव्हा उंच शोभेची कवचे असलेल्या पट्ट्या न घेता साध्या, बुटक्या घ्याव्या. थोडक्यात, पेटी दोन बोटे जाड घेणे हे महाग कूलर घेण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

मोठ्या पंख्याचे एवढे महत्त्व का? पंख्याची गती निम्मी केली तर तो निम्मी हवा ढकलतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो; आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. अर्थात हवेचा तोटा थोडा आणि आवाजाचा लाभ मोठा, असा हा व्यवहार आहे. मोठे पाते सावकाश फिरूनही पुरेशी हवा देते. लहान पाते तेवढ्याच हवेसाठी धावते, आणि त्याचा स्वरही चढा लागतो.

भोकांची बाब विसरू नये. इंटेलने २०२१ साली बैठक बदलली. पूर्वी कूलरच्या स्क्रूंची भोके ७५ मिलिमीटर अंतरावर असत, ती ७८ मिलिमीटरवर गेली. जुना कूलर स्वस्तात मिळाला तरी नव्या पट्ट्या सोबत नसतील तर तो बसणार नाही.

कूलर बसला म्हणजे काम संपले असे नाही. चपट्या कूलरचा पंखा झाकणाकडून हवा घेऊन ती खाली ढकलतो. झाकण सपाट पत्र्याचे असेल आणि पंख्याला अगदी भिडलेले असेल, तर पंखा गुदमरतो. फिरतो फार, देतो थोडे. झाकणाला पंख्यासमोर जाळी हवी, आणि तापलेल्या हवेला दुसरीकडून बाहेर पडावयास वाट हवी. बऱ्हाणपूरकरांना हे समजावे लागू नये. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ साली, बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारावर ठिकठिकाणी आकाशाकडे उघडणारी कुंडे ठेवलेली आहेत; बंदिस्त जागेला श्वास ठेवावा लागतो हे त्या कारागिरांनी जाणले होते. चारशे वर्षांनंतर त्याच गावात संगणक भिंतीला चिकटवून, वर वह्यांची चळत ठेवून वापरला जावा, हे विचित्रच.

खोलीतल्या मोठ्या कूलरचा उपयोग संगणकालाही होतो. कोरड्या मे महिन्यात खोलीचे तापमान त्याने बरेच उतरते. मात्र संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये. वाऱ्यासोबत पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि त्यांतले क्षार धातूवर पांढरे पुट धरतात.

पंखा सतत वरखाली होणे हे एकसारख्या आवाजापेक्षा अधिक त्रासदायक असते. एखादे पान उघडले की प्रोसेसर क्षणभर तापतो, पंखा घुर्र करतो, पुन्हा बसतो. झोपलेला माणूस दचकतो तो या चढउताराने. बायॉसमध्ये पंख्याची गती काही सेकंद उशिराने बदलावी अशी सोय पुष्कळ मदरबोर्डांत असते. ती चालू करावी, आणि ७० अंशांपर्यंत गती जवळजवळ स्थिर ठेवावी. आजचे प्रोसेसर तेवढी उष्णता निर्धोकपणे सोसतात.

राहिली सुताची लव. मागाच्या शेजारच्या घरात ती कपाटाच्या बंद कप्प्यातही सापडते. पंख्याने ओढून घेतलेली लव कूलरच्या पत्र्यांवर बसून काही महिन्यांत तिचा नमदा होतो. मग कूलर कितीही नामांकित असो, हवा आत जातच नाही. दाट पत्र्यांचा कूलर लवकर तुंबतो, विरळ पत्र्यांचा उशिरा. म्हणून माग जवळ असेल तर विरळ पत्र्यांचा घ्यावा, मग तो गार खोलीत थोडा उणा का असेना. झाकणाच्या जाळीला आतून बारीक जाळीचे कापड लावावे आणि ते महिन्याला झटकावे. उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा संगणक बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने पत्रे साफ करावे. हवेचा झोत मारावयाचा असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. आणि कूलर उचलून काढलाच, तर खालची जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावल्याशिवाय तो परत बसवू नये.