नोकरी डोळ्यांना दिसली, तरच पोरं शिकतात

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल २२ एप्रिल २०२५ रोजी लागला, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातल्या यमगे गावचा बिरदेव डोणे बेळगाव भागात मेंढरं चारत होता. निकाल त्याला रानातच कळला. यादीत त्याचा क्रमांक होता ५५१. धनगराच्या घरात वाढलेल्या आणि पुण्याच्या सीओईपीतून अभियांत्रिकी शिकलेल्या या तरुणाचा फोटो दोन दिवसांत महाराष्ट्रभर फिरला. सत्काराला येणाऱ्यांना त्याने हारतुऱ्यांऐवजी पुस्तकं आणायला सांगितलं.

त्या परीक्षेसाठी सुमारे १० लाख अर्ज आले होते आणि निवड झाली १,००९ जणांची. एवढ्या अरुंद दारातून मेंढपाळाचा मुलगा आत जातो, याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच्या तालुक्यातली, त्याच्याइतकीच हुशार असलेली किती पोरं त्या दारापर्यंतसुद्धा पोचत नाहीत? कोल्हापूरने हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तर थेट राजपत्रात छापलं होतं.

शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या ५०० जागांवर ब्राह्मणेतर होते अवघे १०. पुढे २६ जुलै १९०२ रोजी, महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत असताना, संस्थानच्या गॅझेटात तो प्रसिद्ध हुकूम आला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांनी भराव्यात.

हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आगेमागे हुकुमात काय लिहिलं आहे, ते मात्र फारसं वाचलं जात नाही. सर्व थरांत शिक्षण पसरावं म्हणून दरबाराने प्रयत्न केले, तरी मागासलेल्या वर्गांत हवं तेवढं यश आलं नाही, अशी कबुली हुकुमात आहे. कारणही दिलं आहे: उच्च शिक्षणाचं फळ फार थोड्या लोकांच्या पदरात पडतं. म्हणजे लोक शिकत नाहीत म्हणून त्यांना नोकरी मिळत नाही, एवढंच म्हणून महाराज थांबले नाहीत. आपल्यातल्या कुणाला नोकरी लागलेली दिसत नाही म्हणून लोक शिकत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. ‘शिकून तरी काय दिवे लावणार?’ असं म्हणणाऱ्या बापाला उत्तर द्यायचं, तर गावातला, भावकीतला, गल्लीतला एक तरी माणूस कचेरीच्या खुर्चीत बसलेला दिसावा लागतो.

हुकुमात आणखी दोन गोष्टी होत्या. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक याच वर्गातून करायची. आणि केलेल्या नेमणुकांचं विवरण प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला सादर करायचं. हिशेब मागितला जाणार, हे आधीच ठरलेलं होतं. १९१२ पर्यंत चित्र पालटलं. तेव्हा ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ उरले होते.

तरी केवळ हुकुमाने हे झालं नसतं. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला आला तर राहणार कुठे, खाणार काय? व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ साली सुरू झालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली निघालं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट गरिबांच्या मुलांना दाखवली. संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ मध्ये आलं. वंशपरंपरागत कुलकर्णी वतनं १९१८ साली रद्द झाली, पगारी तलाठी आले आणि अस्पृश्य समाजातल्या तरुणांनाही ते काम शिकवून नेमलं गेलं. शाळा, छप्पर, जेवण, काम शिकवणं आणि शेवटी नेमणूक, अशी पुरी साखळी महाराजांनी जोडली होती.

आज या साखळीतली कुठली कडी कच्ची आहे?

राज्यघटनेने आरक्षण दिलं. परीक्षा मराठीतून देता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची उत्तरं भारतीय भाषांत लिहिण्याची सोय १९७९ पासून आहे. पदवी तर आता गावोगावच्या महाविद्यालयांत मिळते. अडतं ते पदवी आणि नेमणूक यांच्या मधल्या वर्षांत. हा काळ दोन वर्षांचा असू शकतो, सात वर्षांचाही असू शकतो.

कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत ही वर्षं बसलेली दिसतात. प्लायवूडचे अरुंद कप्पे, प्रत्येकात एक दिवा आणि चार्जिंगचा पॉइंट, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, लक्ष्मीकांतांचं राज्यघटनेवरचं पुस्तक पानोपानी रंगवलेलं. बसायच्या जागेचं भाडं महिन्याचं. खोलीचं वेगळं, मेसचं वेगळं, टेस्ट सिरीजचं वेगळं. मेस परवडत नाही त्यांच्यासाठी गावाकडून एसटीने डबा येतो. कापडी पिशवीवर पेनाने नाव लिहिलेलं असतं आणि पोरगा ठरल्या वेळी स्टँडवर जाऊन ती उचलतो. चंदगडसारखा तालुका कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथल्या पोराला रोज डबा कसा पोचणार? आणि त्याच्या बहिणीला घरचे ‘अजून एक वर्ष बघ’ असं किती वेळा म्हणतील? स्थळं येऊ लागली की तिचा हा मधला काळ सगळ्यात आधी संपतो.

सरकारने या मधल्या काळासाठी काहीच केलं नाही, असं नाही. शासनाचं प्रशासकीय सेवा पूर्वप्रशिक्षण केंद्र कोल्हापुरात आहे. अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’ आहे, मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’ आहे आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ‘महाज्योती’ आहे. सारथीचं उपकेंद्र २०२१ पासून कोल्हापुरात आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेतून थेट पैसे मिळतात. पुण्या-मुंबईसाठी ही रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत ठरवलेली आहे. या योजनांनी अनेकांना आधार दिला आहे. मात्र प्रशिक्षण केंद्रांत जागा मोजक्या असतात आणि तिथे शिरायलाही आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्याला परीक्षेची वाटच कुणी दाखवली नाही, तो या पहिल्याच पायरीवर अडखळतो.

श्रीमंत देशांतही हीच अडचण आहे. ब्रिटनच्या नागरी सेवेत पदवीधरांना थेट वरच्या पदांकडे नेणारी ‘फास्ट स्ट्रीम’ नावाची योजना आहे. ब्रिज ग्रुप या संस्थेने २०१६ साली तिचा अभ्यास केला. यशस्वी उमेदवारांत श्रमिक कुटुंबांतले फक्त ४.४ टक्के निघाले. लांबलचक निवडप्रक्रिया आणि ‘ही जागा आपल्यासारख्यांची नाही’ ही भावना यांमुळे हुशार मुलं मागे राहतात, असं दिसून आलं. उमेदवाराचे आईवडील काय काम करत होते, हे तिथे विचारलं आणि मोजलं गेलं, म्हणून ही दरी उघड झाली. करवीर दरबाराचं तिमाही विवरण याच जातीचं होतं.

सगळं लक्ष कलेक्टरच्या खुर्चीवर ठेवून भागणार नाही. गरीब घराला आधार देणारी पहिली सरकारी नोकरी बहुधा तलाठ्याची, ग्रामसेवकाची, पोलिसाची किंवा बँकेतली असते. राज्यात २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि अर्ज आले १० लाखांहून जास्त. त्या अर्जाचं शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९०० रुपये होतं. वर्षात अशा चार-पाच भरत्यांचे अर्ज भरायचे, तर शेतमजुराच्या घरातले कित्येक दिवसांचे पगार त्यात जातात. केंद्रीय लोकसेवा आयोग आयएएसच्या परीक्षेला १०० रुपये घेतो आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांकडून तेही घेत नाही. राज्याच्या भरतीत हे का जमू नये?

सुरुवात करण्यासारखी कामं डोळ्यांसमोर आहेत. उत्पन्नाचा दाखला असलेल्या प्रत्येक उमेदवाराला भरतीचं शुल्क माफ करावं. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी इथे रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी सरकारी अभ्यासिका असावी, मुलींच्या येण्याजाण्याची सोय धरून. नोकरीला लागलेल्यांनी आपापल्या कॉलेजात वर्षातून दोनदा जाऊन पहिल्या वर्षाच्या मुलांना परीक्षांची माहिती द्यावी. तीन-चार प्रयत्नांनंतर थांबावं लागणाऱ्यांसाठी सरकारी प्रशिक्षण केंद्रांतूनच दुसऱ्या नोकरीचं मार्गदर्शन व्हावं. आणि कुठल्या तालुक्यातले, कुठल्या मिळकतीच्या घरातले किती जण अर्ज करतात, किती निवडले जातात, याचा तक्ता प्रत्येक भरतीनंतर शासनाने जाहीर करावा. तो तक्ता हाती आला की पुढची अभ्यासिका आणि पुढचं वसतिगृह कुठे हवं, हे ठरवणं सोपं जाईल.