भोवऱ्याकाठची घरे



माणूस भटकणे सोडून घर करून राहिला तो शेतीमुळे, असे आपण वर्गात शिकवतो. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण युरोपात डॅन्यूब नदीच्या काठी माणसाचा पाय ठरला तो मुख्यतः मासळीवर.

सर्बिया देशात ही नदी डोंगरांमधल्या खिंडीतून वाहते. तिथल्या एका जागेचे नाव लेपेन्स्की वीर. ‘वीर’ म्हणजे त्यांच्या भाषेत भोवरा. १९६५ ते १९७० या काळात पुरातत्त्वज्ञ द्रागोस्लाव स्रेयोविच यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची घरे उजेडात आली. नदीकडे रुंद, मागे निमुळती. चुनखडीची घोटीव जमीन, मधे दगडी चूल. चुलीपाशी मोठ्या गोट्यांवर कोरलेले चेहरे होते. डोळे माणसाचे म्हणावेत, तर तोंड माशाचे! काही घरांच्या जमिनीखाली तान्ही बाळे पुरलेली आढळली.

ही वस्ती इथेच का? आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात ना, तसाच स्टर्जन नावाचा प्रचंड मासा अंडी घालायला काळ्या समुद्रातून या नदीत चढत असे. शिवाय कार्प होते, शिंगाळ्याच्या जातीचे मोठे मासेही होते. पाळीव जनावर म्हणाल तर कुत्रा.

आता तुम्ही विचाराल, ही माणसे काय खात होती हे कळले कसे? एक तर माशांचे काटे सापडले. दुसरे असे, की आपण जे खातो त्याची खूण आपल्या हाडांत राहते. मासळीवर जगणाऱ्याच्या हाडांत नायट्रोजनाचा एक जड प्रकार अधिक मुरतो. प्रयोगशाळेत तो मोजता येतो.

पुढे याच नदीवर मोठे धरण झाले. १९७२ मध्ये ते पुरे झाले. पाणी चढण्याआधी ती घरे उचलून सुमारे तीस मीटर उंचावर नेली, म्हणून ती आज पाहता येतात. पण धरणाने स्टर्जनची वाट अडली. घरे वाचली, ज्याच्या जिवावर ती उभी राहिली, तो मासा मात्र तिथवर येत नाही.

म्हणून गुरुजी, मुलांना नदीवर न्याल तेव्हा काठावरची पांढर दाखवा, आणि पूर्वी इथे कोणते मासे चढत, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायला सांगा. काटे जमिनीत टिकतात. आठवण लिहून ठेवली तरच टिकते.