थंडीतील सायकल आणि टायरची निवड

काशीच्या मणिकर्णिकेवरून प्रवाहाच्या दिशेने निघाले की बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेला घाट लागतो, त्याला लागून संकठा घाट येतो आणि पुढे गंगामहाल ओलांडला की नागपूरकर भोसल्यांचा घाट दिसतो. मराठी माणसाला परका न वाटणारा असा हा शेजार आहे. संकठादेवीच्या देवळापासून वर चौकाकडे जाणाऱ्या गल्ल्या अरुंद असून त्यांत दगडी फरसबंदी आहे. तेथे सायकलवर बसण्यापेक्षा ती हाती धरून चालणेच शहाणपणाचे असते. चौकात आल्यावर मात्र माणूस खोगिरावर बसतो आणि मैदागिन, कबीरचौरा, लहुराबीर असे करीत कचेरीची वाट धरतो. पौष-माघात ही वाट धुक्यात बुडालेली असते आणि पंक्चरवाल्याची पेटी व पाण्याचे घमेले सूर्य वर आल्याखेरीज रस्त्याच्या कडेला दिसत नाही.

अशा वेळी चाकातली हवा गेली तर काय होते याचा विचार ज्याची त्याने आपल्या धंद्याप्रमाणे करावा. कारकुनाच्या हजेरीपुस्तकात तांबडी रेघ पडते, दूधवाल्याचे वरवे चुकतात आणि रोजंदारीवरच्या मजुराची अर्ध्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून टायरची निवड हा हौशी लोकांचा विषय समजून सोडून देण्याजोगा नाही.

बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडाची धाव तापवून चढवीत असे. काट्याचे तिला भय नव्हते. पण प्रत्येक दगडाचा हादरा ती थेट गाडीत पोचवी. 1845 साली रॉबर्ट थॉमसन याने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. ते विस्मृतीत गेले. पुढे 1888 साली बेलफास्ट येथे डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना नव्याने सिद्ध केली. माणसाला सुख मिळाले आणि त्याबरोबरच पंक्चरही मिळाले. हवेच्या मऊपणाची ही किंमत आहे. ती पूर्णपणे टाळता येत नाही. कमी मात्र करता येते.

प्रथम शत्रू ओळखावा. पंक्चर म्हटले की आपण खिळ्याचे नाव घेतो, परंतु ट्यूब काढून पाहिली तर ती स्वतःच साक्ष देते. बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल, तर काटा, काच वा तार आत शिरली आहे. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर हवा कमी असताना चाक खळग्यात आदळून ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली आहे. भोक आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला असेल, तर आरीचे टोक वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. या तिघांपैकी पहिल्याच शत्रूवर महाग टायरचा इलाज चालतो. दुसऱ्यावर पंपाचा चालतो आणि तिसऱ्यावर चार-दोन रुपयांच्या पट्टीचा.

थंडीत पहिले दोन्ही शत्रू बळावतात. दवाने रस्ता ओला झाला की काचेचा कपचा रबरात सहज शिरतो. कारण पाणी तेथे वंगणाचे काम करते. ओल्या टायरला चिकटलेला कण प्रत्येक फेऱ्यागणिक आणखी खोल रुततो. त्यातच उत्तरेकडे थंडीच्या रात्री शेकोट्या पेटतात आणि त्यांत कित्येकदा जुने टायरही जाळले जातात. सकाळी राख उडून जाते व सुईसारख्या पोलादी तारा रस्त्यावर मागे राहतात. धुराचा अपाय तर निराळाच.

हवेच्या दाबाचे गणितही पाहण्यासारखे आहे. दुपारी 27 अंश उष्मा असताना चाकात दर चौरस इंचास 50 पौंड हवा भरली आणि पहाटे पारा 7 अंशांवर उतरला, तर हवा कोठेही न गळता दाब सुमारे चार पौंडांनी घटतो. त्यात ट्यूबमधून नित्य झिरपणाऱ्या हवेची भर पडते. म्हणून हिवाळ्यात आठवड्यातून एकदा तरी, तेही सकाळच्या गारव्यातच, हवा पाहावी. हा निम्मा इलाज फुकटात होतो.

आता टायरकडे वळू. ज्यांना पंक्चररोधक म्हणतात त्या टायरांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात रबराखाली अरामिड धाग्यांचा पट्टा असतो. या जातीचा केव्हलार नावाचा प्रसिद्ध धागा 1965 साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या रसायनविदुषीने शोधून काढला. असा पट्टा हलका असून काचेच्या धारेला चांगला दाद देत नाही. पण बारीक तार धाग्यांच्या मधून वाट काढू शकते. दुसऱ्या प्रकारात लवचीक रबराचा जाड थर बसविलेला असतो. काही टायरांत तो पाच मिलिमीटरपर्यंत असतो. त्याचे तत्त्व अगदी साधे आहे. काट्याची लांबी थराच्या जाडीपेक्षा कमी असली की ट्यूब सुरक्षित राहते. आपल्याकडच्या माळावरील सराटे, रस्त्यावरच्या आखूड तारा आणि काचांचे कपचे यांना हा थर पुरून उरतो. बाभळीच्या लांब काट्यापुढे मात्र त्याचेही काही चालत नाही. शिवाय असा टायर जड असतो आणि पायांना ते जाणवते. रोजची पाचसहा किलोमीटरची सपाट वाट असेल तर हा भार सोसावा; रोज चढ चढावयाचा असेल तर पट्ट्याचा टायर बरा.

घेण्यापूर्वी जुन्या टायरच्या बाजूवर छापलेले आकडे वाचावेत. आपल्या नेहमीच्या काळ्या, उभ्या सायकलीला 28 गुणिले दीड इंचाचा टायर लागतो. त्याच्या रिमचे माप 635 मिलिमीटर असते. परदेशी संरक्षक टायरांपैकी पुष्कळसे 622 मिलिमीटरच्या रिमसाठी असतात. दोहोंनाही बोलण्यात अठ्ठावीस इंची म्हणतात, परंतु तेरा मिलिमीटरांचा हा फरक कोणत्याही जोराने भरून निघत नाही. योग्य मापाचा संरक्षक टायर मिळाला नाही, तर जाड नक्षीचा नवा देशी टायर घ्यावा आणि टायर व ट्यूब यांच्यामध्ये संरक्षक पट्टी बसवावी. मात्र पट्टीची कड ट्यूबला घासणार नाही, हे पाहून घ्यावे.

युरोपातील पुस्तकांतून हिवाळ्यासाठी खिळ्यांचे टायर सुचविलेले असतात. ते बर्फासाठी आहेत. वाराणसीच्या थंडीने रबर ताठत नाही आणि दगडावर पोलादाची टोके उलट घसरतात. भरीव टायर घ्यावा काय, असेही पुष्कळ जण विचारतात. त्याला पंक्चर नाही हे खरे. परंतु फरसबंदीचा प्रत्येक हादरा आऱ्यांना, रिमला आणि कण्याला बसतो. डनलॉपने जे मिळविले ते आपण परत करून बसतो. ट्यूबमध्ये घालावयाचे चिकट द्रव बारीक छिद्रे आपोआप बुजविते, पण काही महिन्यांनी ते वाळते. ते पुन्हा घालण्याची आठवण ठेवणाऱ्यानेच त्याच्या वाटेस जावे.

पैसा एकाच चांगल्या टायरपुरता असेल, तर तो मागच्या चाकाला लावावा. बोजा तेथे अधिक पडतो आणि पुढच्या चाकाने उडविलेला कचरा मागच्यालाच भोवतो. याचा अर्थ झिजून गुळगुळीत झालेला टायर पुढे चालवावा असा मात्र नाही. ओल्या वळणावर पुढच्या चाकातली हवा अचानक गेली तर स्वार खाली येतो, आणि धुक्यात मागून येणाऱ्याला तो दिसत नाही.

घरी परतल्यावर चाक हळूहळू फिरवून टायरमध्ये रुतलेले कपचे बोथट टोकाने काढून टाकण्यास दोन मिनिटे लागतात. अनेक पंक्चरे एका फेरीत होत नसतात. आज अडकलेला कण परवा ट्यूबपर्यंत पोचतो.

श्रोतेहो, एवढे सगळे सायकलस्वाराने करावे. परंतु फुटलेली बाटली रस्त्यावर कोणीतरी टाकलेली असते आणि टायर जाळून तारा तशाच कोणीतरी सोडलेल्या असतात. सकाळी उठून त्या बाजूला करणे हे शेकोटी पेटविणाऱ्याला जड नाही. जो पहाटे सर्वांत आधी त्या रस्त्याने जातो, तो बहुधा सर्वांत गरीब असतो आणि त्याच्या सायकलीचा टायर सर्वांत जुना असतो.